‘उशिरा निदान म्हणजे निष्काळजीपणा नव्हे’ : ऑनकॉल यांच्या लेखाला उत्तर

कृष्णाकाठ
प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय. डॉक्टर असलेल्या ऑनकॉल यांच्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं : उशिरा निदान झालं म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नव्हे, कारण आजार पुस्तक वाचून येत नाहीत, पेशंट डॉक्टर बदलत फिरतात, आणि निकाल कळल्यावर दोष देणं सोपं असतं. तिन्ही खरं. पण त्याआड काय काय झाकलं जातं ते सांगतो.

माझे काका, वय 56. शौचावाटे रक्त. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मूळव्याधीचं निदान. वर्षभर मलम, इसबगोल, ‘तिखट बंद’. मध्येच हिमोग्लोबिन 7.8 आलं, तर लोहाची इंजेक्शनं. सारखं जावं लागतं, जाऊन आलं तरी पोट साफ वाटत नाही, हे काकू दर खेपेला सांगत होती. फाइल माझ्यापुढे आहे. पानापानावर ‘पाइल्स’ आणि खाली ‘सीटी ऑल’, म्हणजे तेच पुढे चालू. गुदद्वाराची बोटाने तपासणी एकदाही नाही. शहरातल्या सर्जनने पहिल्याच भेटीत ती केली आणि गाठ हाताला लागली. तोवर कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला होता.

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचं रक्त इतकं कमी का झालं, हा प्रश्न वर्षभर कुणालाच पडू नये? त्याला मशीन लागत नाही. हातमोजा लागतो.

ऑनकॉल
काकांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही एक पेशंट बघताय, मी ओपीडी बघतो. रक्त पडतंय म्हणून येणाऱ्यांत बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशरच (गुदद्वाराशी पडलेली चीर) असतं. तपासायचं म्हटलं की निम्मे ‘नको डॉक्टर, औषध द्या’ म्हणतात. बायका तर विषयच काढू देत नाहीत. फिशरवाल्याला बोट लावलं तर तो पुन्हा पायरी चढत नाही. आणि सरसकट कोलोनोस्कोपीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला, पाठवलं तर इथेच ‘कट खातो’, म्हणजे पेशंट पाठवायचं कमिशन घेतो, म्हणून धागा निघेल.

कृष्णाकाठ
सरसकट कुठे म्हणतोय? उपचारांनी फरक नाही, हिमोग्लोबिन घसरतंय, शौचाची सवय बदललीय, अशा माणसाबद्दल बोलतोय. पेशंट नको म्हणाला असेल तर केसपेपरवर तसं लिहा. फाइलमध्ये नकारही नाही आणि तपासणीही नाही.

पुणेरी_पगडी
कटचा विषय निघालाच आहे तर : महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्कॅन सेंटरकडून आलेल्या 1200 रुपयांच्या चेकची तक्रार थेट वैद्यक परिषदेकडे केली होती. राज्याने 2017 मध्ये कटविरोधी कायद्याचा मसुदाही केला. पुढे काय झालं? असो, मूळ मुद्दा वेगळाच आहे. काका ज्यांच्याकडे जात होते ते एमबीबीएस तरी होते का? की होमिओपॅथीची पाटी आणि आत सलाईनची बाटली?

साबुदाणा_गोळी
आलंच का हे! मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, सीसीएमपी केलेला. 2014 ला राज्याने कायदा बदलून आम्हाला एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा (ॲलोपॅथीच्या औषधांचा) हा कोर्स दिला, तो परीक्षा देऊन पास झालोय. रात्री अकराला वाडीवरून ट्रॅक्टरमध्ये घालून आणलेल्या बाईला तुमचा एमडी बघायला येतो का? त्याला गावातल्या सक्तीच्या सेवेऐवजी बॉण्डचे पैसे भरून सुटायचं असतं. आम्ही इथे बसतो म्हणून गावं चालतात.

पुणेरी_पगडी
बसता, कबूल. पण गावात कुणी नाही म्हणून कुणीही चालेल, हे मान्य नाही. 1996 चा पूनम वर्मा निकाल वाचा. मुंबईत होमिओपॅथने तापाला ॲलोपॅथीची औषधं दिली, तपासण्या न करता टायफॉइडचे उपचार केले, पेशंट गेला. ज्या पॅथीचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

साबुदाणा_गोळी
तो निकाल 2014 च्या आधीचा आहे. आज आमचं प्रकरण वेगळं आहे.

पुणेरी_पगडी
कायदा बदलला म्हणून पेशंटचं शरीर बदलत नाही. एक वर्षात निदान शिकता येतं?

साबुदाणा_गोळी
शहरात बसून शहाणपणा शिकवू नका. एक महिना माझ्या जागी बसून दाखवा.

कृष्णाकाठ
थांबा दोघेही. काकांना वर्षभर बघणारे एमएस होते. जनरल सर्जन. स्वतःचं ऑपरेशन थिएटर असलेले. आता पॅथीचं भांडण दुसरीकडे न्या.

नगरची_सुनंदा
ऑनकॉल, तुम्ही ‘बायका विषय काढू देत नाहीत’ लिहिलंत, म्हणून बोलते. माझी जाऊ आठ महिने पाठदुखीने रडत होती. रात्री दुखणं वाढायचं, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. तिघा डॉक्टरांनी सांगितलं : पाळी जायचं वय, कॅल्शियम घ्या, टेन्शन घेऊ नका. चौथ्याने एमआरआय काढला. मणक्याचा टीबी. तोवर पायातली ताकद गेली होती, आज वॉकर धरून चालते. ती काही लपवत नव्हती, रोज सांगत होती. ‘टेन्शन’ लिहून टाकलं की पुढचा विचार बंद, हे किती घरांत झालंय ते मोजा एकदा.

वॉर्ड_सिस्टर
सुनंदाताई, तुमच्या जावेचं वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या कॅज्युअल्टीत नातेवाइकांनी खुर्ची घालून काच फोडली तेव्हा मी आत होते. पेशंट आणला तेव्हाच गेलेला होता. राज्यात 2010 पासून संरक्षणाचा कायदा आहे, पण त्या रात्री उपयोग शून्य. आणि राजस्थानात लालसोटच्या डॉ. अर्चना शर्मा आठवतात का? 2022 मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाई गेली, पोलिसांनी थेट खुनाचं कलम लावलं, डॉक्टरबाईंनी जीव दिला. रक्तस्राव थांबत नाही हा निष्काळजीपणा असतो का? अशा वातावरणात कुठला डॉक्टर मोकळ्या मनाने निर्णय घेईल?

कृष्णाकाठ
ते घृणास्पद होतं, त्यावर वादच नाही. पण डॉक्टरांवर अन्याय झाला म्हणून पेशंटवरचा अन्याय फिटत नाही. मी दगड उचललेला नाही, फाइल उघडलीय.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये जेसिका ब्रॅडी नावाची 27 वर्षांची मुलगी वीसहून जास्त वेळा जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) गेली. निदान झालं तेव्हा कॅन्सर चौथ्या टप्प्यात, 2020 मध्ये गेली. आईवडिलांनी पिच्छा सोडला नाही. 2025 पासून ‘जेसचा नियम’ आलाय : त्याच तक्रारीसाठी पेशंट तिसऱ्यांदा आला, निदान लागत नाही किंवा त्रास वाढतोय, तर पहिलं निदान बाजूला ठेवून नव्याने विचार करा. एवढंच. काका आणि जाऊबाई, दोघांनाही हे लागू पडलं असतं.

ऑनकॉल
तिथला जीपी दिवसाला किती पेशंट बघतो, तेही लिहा.

काळा_कोट
कायद्यापुरतं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती रुग्णालयं बाहेर राहिली, म्हणजे गरिबाला हा दरवाजा बंदच. मुदत दोन वर्षं. नुकसान कळलं तेव्हापासून ती मोजा, असा युक्तिवाद करता येतो. डॉक्टरांना दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. फौजदारीच्या नादी लागू नका, सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) तिथे घोर निष्काळजीपणाच दाखवावा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. चूक झाली एवढं पुरत नाही, वेळेत निदान झालं असतं तर परिणाम वेगळा झाला असता हेही दाखवावं लागतं. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागतं, आणि अशा वेळी सगळ्यांचे फोन लागेनासे होतात.

कृष्णाकाठ
नेमकं हेच. दोन सर्जनांनी तोंडी ‘चुकलंच’ म्हटलं. लिहून द्या म्हटल्यावर ‘आमचं रोजचं येणं-जाणं आहे’. ऑनकॉल, तुम्ही लेख लिहिलात, आता तुम्हालाच विचारतो : फाइल वाचून लेखी मत द्याल?

साबुदाणा_गोळी
आता बघू एमएसवाल्यांची हिंमत.

ऑनकॉल
नकार मिळाला तर केसपेपरवर लिहावा, हा मुद्दा मान्य. मी स्वतः तसं लिहितो. वाढतं ॲनिमिया असताना वर्षभर तपासणी नाही, याचा बचाव मला करता येणार नाही. पण हा एक माणूस चुकला. माझ्या लेखातलं बाकीचं तसंच आहे. फाइल पाठवा. पूर्ण, निवडक पानं नकोत. चूक दिसली तर सही-शिक्क्यानिशी लिहीन. नाही दिसली तर तेही लिहीन, मग इथे येऊन मला विकला गेलेला म्हणायचं नाही.

काळा_कोट
घरी असलेल्या फाइलवर अवलंबून राहू नका. रुग्णालयाकडे सगळ्या नोंदींसाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या. 72 तासांत द्याव्या लागतात. डॉक्टरांवर नोंदी जपायचं बंधन तीन वर्षांचंच आहे, तेव्हा हे याच आठवड्यात करा.

कृष्णाकाठ
अर्ज सोमवारी देतोय. ऑनकॉल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, फाइल स्कॅन करून सगळी पाठवतो. तुमच्या लेखाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.