चौथा भाग शोभेचा नाही

बालाघाट : काल इथं एका गृहस्थांनी लिहिलं, "घटनेच्या चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे लग्नपत्रिकेतली 'आहेर आणू नये' ही ओळ. कोर्टात चालत नाहीत, काढून टाका." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

कलम ३७ तुम्ही अर्धंच वाचलंत. कोर्टातून बजावणी नाही, हे खरं. पण ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं राज्याचं कर्तव्य आहे, हेही तिथंच लिहिलंय. ७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला होती. डाव्या अंगठ्याचं नख हातोडीखाली गेलं, ते पुन्हा सरळ आलंच नाही. तेव्हा सरकारनं काम काढलं तर उपकार. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, त्यात कलम ४१ चं नाव घेऊन कामाचा हक्क लिहिला. उपकाराचा हक्क झाला तो ह्या 'शोभेच्या' कलमामुळं.

काळा कोट : काल लिहिणारा मीच. आईंबद्दल आदर आहे, पण एका उदाहरणानं काय होतं? मूळचं कलम ४५ घ्या. १४ वर्षांपर्यंतच्या पोरांना १० वर्षांत मोफत, सक्तीचं शिक्षण. म्हणजे १९६० पर्यंत. प्रत्यक्षात घटनादुरुस्ती २००२ ला, कायदा लागू १ एप्रिल २०१० ला. तेही १९९३ ला सुप्रीम कोर्टानं उन्नीकृष्णन खटल्यात रेटा दिल्यावर. म्हणजे शेवटी कोर्टच! के. टी. शहा घटना समितीतच म्हणाले होते, ही तत्त्वं म्हणजे बँकेला सोयीचं होईल तेव्हा वटणारा चेक आहे.

पैठणगेट : आणि मराठवाड्याचा चेक? विकास मंडळ १९९४ ला मिळालं, ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. त्यावर कुणी बोलत नाही.

काळा कोट : ते कलम ३७१. चौथ्या भागात नाही. दर धाग्यावर तेच आणू नका.

पैठणगेट : विकासाचा अनुशेष आमचा, आम्हीच आणणार.

अंगणवाडीताई : मला कलम ४७ बद्दल बोलायचंय. पोषण आणि दारूबंदी एकाच कलमात आहे, ते उगीच नाही. मी रोज पोरांची वजनं घेते. ज्या घरचा माणूस पितो, त्या घरचा काटा मला आधीच माहीत असतो. आमच्या गावात आडवी बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, बायांचं मतदान घेतलं. झालेल्या मतांत आम्ही कितीतरी पुढं. तरी हरलो! कारण मोजतात ते यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त. आणि मतदान ठेवलं ऐन पौषात, निम्म्या बाया ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेल्या.

गोदाकाठ : ताई, दुकान बंद झालं की हातभट्टी लागते. माझा चुलता तीच पिऊन गेला. सरकारमान्य दुकानात निदान विष तरी नसतं.

अंगणवाडीताई : भाऊ, वाईट वाटलं. पण हातभट्टी काय दुकान चालू असताना नव्हती? दोन्ही होत्या.

गोदाकाठ : मग पोलिसांना धरा, घटनेला कशाला? शाळा-दवाखाने ह्याच करावर चालतात.

अंगणवाडीताई : तो कर माझ्या वजनाच्या वहीतून जातो. या एकदा, वही दाखवते.

बालाघाट : विषय पार दारूत गेला. काळा कोट, शहांचा चेक सांगितलात, मग बाबासाहेबांचं म्हणणंही सांगा. ४ नोव्हेंबर १९४८ ला ते म्हणाले, सरकारला कोर्टात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढं नक्की द्यावा लागेल. आपण निजामातून सुटून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सरकारला जाब विचारायचा असतो, हेच आपल्या आज्याला नवं होतं!

काळा कोट : आणि मतदार विचारतो? कोणत्या सभेत कलम ४५ चं नाव ऐकलंत?

अंगणवाडीताई : मी ग्रामसभेत ४७ चं घेतलं. सगळे हसले. पुढच्या खेपेला चाळीस बाया घेऊन गेले, तेव्हा नाही हसले.

काळा कोट : बरं, ताईंपुढं माघार. पूर्ण नाही, कोर्टाशिवाय शाळेचा हक्क आला नसता, हे मी सोडत नाही. पण 'काढून टाका' हे मागं घेतो. ताई, फेरमतदानाला आधी पंचवीस टक्के बायांच्या सह्यांचं निवेदन लागेल. मसुदा मी करतो, फी नको. मोफत कायदेशीर मदतही चौथ्याच भागात आहे, ३९-क, हे बालाघाट म्हणायच्या आत मीच म्हणतो.

अंगणवाडीताई : लगेच पाठवा. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. मतदान त्याच्या आत लागलं पाहिजे, तारीख निवेदनातच घाला.