पोळी करणारं यंत्र : चोचले की गरज?

केतकी_ठाणे

परवा एका लग्नाच्या पंगतीत रोटीमॅटिकचा विषय निघाला. कणीक, पाणी आणि तेल वेगवेगळ्या डब्यांत भरायचं, बटण दाबायचं, की आतल्या आत मळून, दाबून, भाजून मिनिटाला साधारण एक फुलका बाहेर येतो, असं हे यंत्र. जेवायला बसलेल्या आठांपैकी सहा जण म्हणाले, "पोळ्यांसाठी हजार डॉलर? नुसते चोचले!" मी तिथे गप्प बसले. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी माहिती. हे यंत्र सिंगापूरच्या झिम्प्लिस्टिक कंपनीचं. मूळची पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर प्रणोती नागरकर आणि तिचा नवरा रिशी इस्राणी यांनी २००८ मध्ये कंपनी काढली आणि यंत्र अमेरिकेत विकायला आलं २०१६ मध्ये. तेव्हाची किंमत ९९९ डॉलर. आठ वर्षं कशात गेली? आत १० मोटर, १५ सेन्सर आणि ३०० सुटे भाग आहेत. कणीक दर वेळी सारखं पाणी पीत नाही हे आपल्याला हाताने कळतं, यंत्राला ते शिकवावं लागतं. नव्या गव्हाचं पीठ वेगळं, जुन्याचं वेगळं, पावसाळ्यात आणखी वेगळं.

आता माझ्या आईचं सांगते. वय ७१. दिवसाला वीस पोळ्या धरल्या तरी ४५ वर्षांत सव्वातीन लाखांच्या वर पोळ्या लाटून झाल्या. डाव्या-उजव्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी दुखतं. लाटण्याच्या टोकांना जुन्या साडीचं फडकं गुंडाळून लाटते, म्हणजे पकड जरा जाड होते. डॉक्टरांनी लाटणं बंद करायला सांगून तीन वर्षं झाली. बंद कोण करतंय!

भावाकडे डॅलसला हे यंत्र आहे. आई तिथे चार महिने राहिली. पहिला फुलका टम्म फुगून बाहेर आला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला, कड चिमटीत धरून तोडली आणि म्हणाली, "ही पोळी नव्हे, फुलका आहे. पण गरम आहे, आणि मी बसलेली आहे." त्या घरात चार महिने माझी आई सगळ्यांबरोबर पानावर बसून गरम जेवली. आमच्या ठाण्याच्या घरात मी हे कधीच पाहिलं नव्हतं. तिचं पान नेहमी शेवटी, आणि पोळी डब्यातली.

म्हणून माझं म्हणणं असं, की विचित्र वाटणाऱ्या यंत्राला हसण्याआधी बघा, ते कुणाच्या हातचं काम काढून घेतंय. अमेरिकेत २०१६ मध्ये ज्युसेरो नावाचं रस काढायचं यंत्र आलं होतं, ६९९ डॉलरचं. त्याला कंपनीच्याच फळांच्या पिशव्या लागायच्या. पुढच्या वर्षी ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी त्याच पिशव्या नुसत्या हाताने पिळून जवळजवळ तेवढाच रस काढून दाखवला आणि २०१७च्या सप्टेंबरात कंपनी बंद पडली. ते चोचले. तिथे हाताला काही कामच नव्हतं. पोळीचं तसं आहे का?

खानदेशी

केतकीताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही मी त्या सहा जणांच्या बाजूने.

आईंनी स्वतःच सांगितलं की ही पोळी नव्हे. घडीची पोळी म्हणजे काय? लाटी थोडी लाटायची, तेलाचं बोट फिरवायचं, चिमूटभर पीठ भुरभुरायचं, घडी घालून पुन्हा लाटायची. तव्यावर पदर सुटले पाहिजेत. ते दाबून होत नाही. ज्वारीची भाकरी तर आणखी पुढची गोष्ट. गव्हाच्या कणकेत जो चिवटपणा असतो तो ज्वारीत नाही. म्हणून आधणाच्या पाण्यात पीठ मळायचं, तळव्याने रगडायचं आणि थापताना कड फाटली की बोटाने तिथल्या तिथे सांधायची. आमच्याकडे कळण्याची भाकरी, आणि सणाला पुरणाचे मांडे. मांडा पोळपाटावरून उचलून दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. कोपरापर्यंत येतो, आत पुरण असतं, आणि फाटत नाही.

माझी भीती वेगळी आहे. यंत्राला जे जमतं तेच घरात शिल्लक राहतं. मिक्सर आला आणि पाट्यावरची चटणी गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. उद्या पोरांना पोळी म्हणजे ती एका मापाची गोल चकतीच वाटेल.

केतकी_ठाणे

पाट्यावरची चटणी गेली हे खरं. पण पाट्यापाशी बसून ती वाटणाऱ्या बाईला विचारलंत का कधी?

आणि मिक्सरचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. मुंबईत सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, जळला. तो मिल्कशेकसाठी होता, हळकुंड-खोबऱ्यासाठी नव्हता. त्यातून १९६०च्या दशकात सुमीत मिक्सर उभा राहिला, सुकं वाटणही झेपेल अशा दणकट मोटरचा. जपानमध्ये १९५५ साली तोशिबाचा आपोआप बंद होणारा राइस कुकर आला, त्याच्या चाचण्या तो बनवणारे योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी भात शिजवून शिजवून घेतल्या. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान शंभराच्या वर जातं आणि स्विच बंद होतो. किती साधं! पण कुणीतरी चुलीपाशी उभं राहिल्याशिवाय हे सुचत नाही.

दुरुस्तीवाला

दोघांचंही बोलणं पटतंय. मी तिसऱ्याच गोष्टीसाठी विरोधात आहे.

माझं सांगलीत मिक्सर-मोटर दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. मिक्सर माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा काय गेलेलं असतं? कपलर घासलेला, कार्बन ब्रश संपलेले, नाहीतर भांड्याचा बुश ढिला. पंधरा मिनिटांचं काम, मुलगा शाळेतून येईपर्यंत तयार. गेल्या महिन्यात एक आजी १९८५च्या आसपासचा मिक्सर घेऊन आल्या. तळाचे चार स्क्रू काढले तर आत जुनी हळद कोपऱ्यात घट्ट बसलेली. साफ केली, ब्रश बदलले, चालू झाला. आजींनी दुकानातच भांडं लावून दोनदा फिरवून बघितला.

आता दहा मोटर, पंधरा सेन्सर आणि आत प्रोग्रॅम. त्यातला एक सेन्सर गेला तर सांगलीत कोण बघणार? सुटा भाग कुठून आणणार? दुरुस्ती न होणारी वस्तू विकत घेतली असं मी म्हणत नाही, ती भाड्याने घेतली म्हणतो. फक्त भाडं एकदम भरलं.

ताजं उदाहरण देतो. अमेरिकेत २०२४ मध्ये ह्युमेन एआय पिन आली. शर्टाला लावायची, तळहातावर अक्षरं उमटवायची, ६९९ डॉलर आणि वर महिन्याला २४. पुढच्या वर्षी एचपीने त्या कंपनीचा बराचसा भाग ११.६ कोटी डॉलरला घेतला आणि २८ फेब्रुवारी २०२५ला सर्व्हर बंद. लोकांच्या शर्टावर राहिला तो फक्त बिल्ला. वस्तू धडधाकट, पण निकामी. हे मला फार लागतं. चांगल्या मोटरला मी असं मरताना बघू शकत नाही.

उलटी_छत्री

सगळे जण "उपयोग काय" याच तराजूत तोलताय, म्हणून लिहितो. मी प्रॉडक्ट डिझाइन शिकवतो.

जपानच्या केन्जी कावाकामी यांनी १९८०च्या दशकात चिंदोगू नावाचा प्रकार सुरू केला. रोजची एखादी अडचण सुटेल पण नवीनच अडचण उभी राहील अशा वस्तू. सर्दीवाल्यासाठी डोक्यावर बांधायचा टिश्यूपेपरचा रोल, रांगता रांगता फरशी पुसली जाईल असं बाळाचं झबलं, गोंदाच्या कांडीसारखी लोणी लावायची कांडी. त्याचे दहा नियम आहेत. वस्तू खरोखर बनवलेली हवी, पण ती विकायची नाही आणि तिचं पेटंट घ्यायचं नाही. १९९०च्या दशकातल्या त्यांच्या संग्रहात स्वतःचा फोटो काढायची काठी होती, निरुपयोगी वस्तू म्हणून. मिनोल्टा या कॅमेरा कंपनीतल्या हिरोशी उएदा यांनी त्याच्या आधीच, १९८०च्या दशकात, तशी काठी बनवून पेटंटही घेतलं होतं, तीही फारशी चालली नाही. आज ती गडावर, देवळात, कुठेही दिसते.

विद्यार्थ्यांना मी दर वर्षी एक निरुपयोगी वस्तू बनवायला लावतो. पहिल्या दिवशी मुलं लाजतात. तिसऱ्या दिवशी लाकूड कापताना ज्या गंभीर चर्चा होतात, तशा माझ्या तासाला वर्षभर होत नाहीत. "उपयोग सिद्ध कर, मग बनव" म्हटलं की हात आखडतो. केतकीताई, तुमची कसोटी मला मान्य नाही. ज्युसेरोचा दोष निरुपयोगीपणा नव्हता. लोकांच्या गळ्यात ६९९ डॉलरला बांधणं हा दोष होता.

नाना_५८

एक प्रश्न. या सगळ्यात घरातले पुरुष कुठे आहेत?

बायकोचं खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो. तोवर लाटणं हातात धरलं नव्हतं. पहिला आठवडा नकाशे झाले. तिने खुर्चीवर बसून फक्त एक गोष्ट सांगितली : कडा लाट, मध्याची काळजी करू नको. तिसऱ्या आठवड्यात पोळी फुगली. आता सहा वर्षं रोजच्या चौदा पोळ्या माझ्याकडे. खर्च शून्य.

केतकी_ठाणे

नाना, तुम्हाला मनापासून नमस्कार. पण माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत आणि ते लाटणार नाहीत. हे वाईट आहे, आणि हेच खरं आहे. त्यांच्यात बदल होईपर्यंत आईच्या अंगठ्यांनी थांबायचं का?

दुरुस्तीवाले दादा, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. वॉरंटी संपल्यावर काय, याची भावालाही काळजी आहेच. यंत्राचे सुटे भाग आणि नकाशे बाहेरच्या कारागिराला मिळाले पाहिजेत. ही मागणी आपण गिऱ्हाइकांनीच करायला हवी, आणि मी आजवर कधी केली नाही.

उलटी_छत्री सर, मुलांनी बनवावं, जरूर बनवावं. मी बोलतेय ते विकत घेण्याबद्दल.

सुगरण_पोळीकेंद्र

सकाळची कामं उरकली म्हणून आता लिहिते. माझं पोळीभाजी केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. आम्ही पाच बायका, रोजच्या नऊशे पोळ्या. त्यामुळे मनगटाचं मला कुणी सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी कर्ज काढून पोळ्या दाबायचं एक मोठं यंत्र घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. दोन गरम तव्यांमध्ये लाटी दाबली जायची. गरम होत्या तोवर बऱ्या, पण आपली पोळी खाल्ली जाते दुपारी एकला, ऑफिसात, डब्यातून. तोवर त्या पापडासारख्या कडक व्हायच्या. गिऱ्हाइकांनी पंधरा दिवसांत सांगून टाकलं. यंत्र अजून कोपऱ्यात आहे, त्यावर पिठाची पोती ठेवतो. ज्यांनी बनवलं त्यांनी यंत्रातून निघालेली पोळी खाऊन बघितली असणार, पण पाच तासांनी डबा उघडून बघितला नसणार.

उलट कणीक मळायचं यंत्र घेतलं त्याने आमचं आयुष्य बदललं. लोकांना वाटतं लाटण्याने हात जातात. अहो, आमचे तिंबण्याने जातात. पंधरा किलो कणीक तिंबून झाली की बोटं मिटत नाहीत. शालन मावशी रात्री हात कोमट पाण्यात घालून बसायच्या, मळायचं यंत्र आल्यापासून नाही बसत.

म्हणून खानदेशी भाऊ, तुम्ही म्हणता तसं यंत्राने सगळंच जात नाही. आमचं मळणं गेलं, घडी राहिली. आणि केतकीताई, एका घरात वीस पोळ्यांसाठी हजार डॉलर मला जास्तच वाटतात, पण आई गरम जेवल्या हे वाचून मी तो भाग शेजारच्या सगळ्यांना वाचून दाखवला.

खानदेशी

ताई, पाच तासांनी डबा उघडून बघण्याची गोष्ट मला सगळ्यात पटली. मांड्यांवरचं माझं म्हणणं मात्र सोडत नाही. आमच्या गावात हातावर मांडा करणाऱ्या आता तीनच बायका उरल्यात, तिघीही साठीच्या पुढच्या. त्यांचे हात थांबले की ते कुठल्या यंत्रात भरून ठेवणार?

उलटी_छत्री

सुगरणताई, विद्यार्थ्यांना तुमच्याकडे आणलं तर चालेल? तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते तुम्हीच सांगा.

सुगरण_पोळीकेंद्र

आणा की. मला लाटणारं यंत्र नको. लाटी एका वजनाची तोडून देणारं आणि घडीच्या आत तेलाचं बोट सारखं फिरवणारं काहीतरी हवं. तेवढ्याने आमचा रोजचा दीड तास वाचेल. उघडून धुता आलं पाहिजे, आणि बिघडलं तर सांगलीच्या दादांना दुरुस्त करता आलं पाहिजे. आम्ही साडेपाचला मळायला घेतो, सहाला तवे तापतात. मुलांना सहाच्या आत आणा, आणि दुपारी एकपर्यंत थांबवा.