घराआधी भिंत : सोमाली ‘ओद’ला, म्हणजे घराभोवतीच्या कुंपणाला, मराठीत काय म्हणाल?

(चर्चेचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रिकामी ओळ

एका भाषांतरात अडले आहे. मजकूर सोमालीलँडमधल्या (पूर्व आफ्रिकेतला, सोमालियातून फुटून निघालेला प्रदेश) हर्गेसा शहराबद्दलचा, इंग्रजीतून. त्यात पानोपानी ‘वॉल्ड कंपाऊंड’ येतं. म्हणजे घर, अंगण, पाण्याची टाकी, दोनचार शेळ्या, आणि या सगळ्याभोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत. भिंतीत लोखंडी फाटक. पहिल्या खेपेला मी ‘तटबंदी’ लिहिलं. संपादकबाईंनी समासात एवढंच लिहून पान परत पाठवलं, “तोफा कुठे आहेत?” मग ‘आवार’ केलं, तर भिंतच गायब. ‘कुंपण’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तारा येतात आणि त्यांवर वाळत घातलेले कपडे.

खरं म्हणजे शब्दाआधी मला गोष्टच नीट कळलेली नाही. कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर सोमाली विद्यार्थी भाड्याने राहतात. त्यांच्यातल्या एकाला जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाला, “आंटी, आमच्याकडे आधी भिंत बांधतात, घर मग.” आणि हसत निघून गेला. घराआधी भिंत? चोरांचं एवढं भय? की पडदा? शब्द सुचवलात तरी चालेल, पण कुणाला गोष्ट ठाऊक असेल तर ती आधी सांगा.

खडूफळा

‘तटबंदी’ काढलीत ते बरं केलंत. तट गडाला, नगराला, फार तर एखाद्या गढीला. चारपाच माणसांच्या कुटुंबाला तट घातला तर संपादकबाई तोफा विचारणारच. ‘प्राकार’ देवळाचा. ‘वई’ हा चांगला जुना शब्द आहे, संस्कृत ‘वृति’वरून आलेला, पण ती काट्याकुट्यांची, झुडपांची, दगडाची वई होत नाही. कुंपण आरपार दिसतं, म्हणूनच सरड्याची धाव आपल्याला तिथवर दिसते.

रोजच्या बोलण्यात आपण ‘वॉल कंपाऊंड’ म्हणतो. इंग्रजी शब्दांची जागा उलटीपालटी करून आपलंसं केलेलं ते मराठीच आहे. तेच लिहा आणि पुढच्या पानावर जा.

पाणीवाला

सर, इतक्या लवकर पुढच्या पानावर जाऊ नका. हर्गेसात पाण्याच्या एका कामावर मी दोन वर्षं काढली आहेत. सोमाली मोडकीतोडकी येते. आधी त्यांचेच शब्द मांडतो.

नुसत्या भिंतीला ‘गिदार’ किंवा ‘देर्बी’. गिदार म्हणजे अरबी ‘जिदार’. घराच्या आवाराभोवती जे असतं ते ‘देयर’. याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमधला धाकटा पावसाळा. मुकादम म्हणाला की खोदकाम देयर संपल्यावर करू. मी आठवडाभर भिंत कुठे बांधतायत ते शोधत हिंडलो.

पण या सगळ्यांच्या मुळाशी आहे ‘ओद’. तोडून आणलेल्या काटेरी फांद्यांचं कुंपण ते ओद, आणि ते घालणं, वाट बुजवणं, बंद करणं याचं क्रियापदही ओदच. मूळचा हा समाज उंट-शेळ्यामेंढ्यांमागे फिरणारा. घर म्हणजे ‘अकल’ : वाकवलेल्या काठ्या, वर विणलेल्या चटया. उभारणार बाई, सोडवून उंटावर लादणार बाई, आणि मालकीही तिचीच. लग्नाला ‘अकल गल’ म्हणतात, म्हणजे अकलात शिरणं. (सोमालियाच्या संसदेचं वरचं सभागृह ‘अकल्का सरे’. चटईचं घर थेट संसदेत जाऊन बसलं.)

आता बघा, असलं घर आज इथे, महिन्याने तिथे. चटईची भिंत तरसाला काय अडवणार? तरसाला ते ‘वराबे’ म्हणतात आणि रात्री त्याचं नाव मोठ्याने घ्यायला पोरं कचरतात. तेव्हा मुक्कामाच्या जागी पहिलं काम काट्यांचं. झोपड्या आणि शेळ्यामेंढ्या मधे, भोवती बाभळीच्या जातीच्या झाडांच्या फांद्या, बुंधे आत आणि काटे बाहेर. आत-बाहेर करायला एक फट. रात्री एक मोठं काटेरी झुडूप ओढून ती फट बुजवायची. मी हर्गेसापासून तासाभरावर एका मुक्कामी हे पाहिलंय. सात-आठ वर्षांच्या पोरीने ते झुडूप बुंध्याला धरून असं सरकवलं, की जणू रोजचा कडीकोयंडा. मी मदतीला हात घातला आणि अंगठा फोडून घेतला.

म्हणजे तुमचा तो जिन्यातला मुलगा थट्टा करत नव्हता. घर हलतं, बदलतं. कुंपण घातलं की मुक्काम झाला.

आणि आता माझा सगळ्यांत आवडता शब्द, ‘ओदवदाग’. वदाग म्हणजे वाटून घेणं, सामाईक असणं. ज्याची आणि आपली ओद एक, तो ओदवदाग, म्हणजे शेजारी. बातम्यांत शेजारी देशांनाही हा शब्द लावतात.

मेंढरामागं

पाणीवाले दादा, तुम्ही सोमालियाचं सांगताय का आमचं? आमची म्हातारी मेंढरामागं फिरली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकण, पावसाच्या तोंडावर परत वर. बिऱ्हाड घोड्यावर. रात्री मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे जाळी, मेखा ठोकून. शेतकऱ्याच्या रानात बसवायची, त्याला खत, आम्हाला धान्य. लांडग्याची धास्ती असायची. वाघर आधी लागायची, चूल मग पेटायची. म्हातारी उतरल्या उतरल्या पहिलं विचारायची, “वाघर लागली का?” माणसं जेवली का, हे नंतर.

आणि ताई, तुम्ही ‘वाडा’ शब्दाचा विचारच केला नाहीत. तुम्हा पुण्याच्या लोकांना वाडा म्हटलं की चौक, दिंडी दरवाजा, सागवानी खांब. आमच्यात वाडा म्हणजे संग फिरणारी बिऱ्हाडं. “त्यांचा वाडा काल पुढं गेला” म्हणतो आम्ही. भिंत एकसुद्धा नाही, छप्पर नाही, तरी वाडा.

खडूफळा

‘वाडा’ सुचायला हवा होता, चुकलो. संस्कृत ‘वाट’ म्हणजे वेढलेली जागा, कुंपण. आपली रस्त्याची वाट निराळी. या वाटचा ‘वाड’ झाला. गुजरातीत ‘वाड’ म्हणजे आजही कुंपणच. आपल्याकडे मात्र कुंपणावरून शब्द आतल्या जागेवर गेला, जागेवरून इमारतीवर, वस्तीवर (वाडी), आणि धनगरांकडे थेट माणसांवर. ‘वाडगं’ हे त्याच घरातलं, गुरांची कुंपण घातलेली जागा.

दोन धोके सांगून ठेवतो. ‘वाघर’ वाघावरून नाही. ‘वागुरा’ म्हणजे जाळं, त्यावरून. आणि अरबीतून सोमालीत गेलेला ‘दार’ दिसला तर तो दरवाजा समजू नका, ते पक्कं दगडी घर. आपलं दार ‘द्वार’चं. उलट मोगादिशूच्या भागाला ‘बनादिर’ म्हणतात, ते मात्र खरोखर आपल्या ‘बंदर’चं अरबी अनेकवचन.

परसदार

हे सगळं काट्यांचं झालं. ताईंचा प्रश्न दगडाच्या भिंतीचा होता ना? आमच्या कोकणात घराभोवती गडगा असतो, चिरे नाहीतर धोंडे नुसते रचलेले, कमरेपर्यंत. गुरं अडतात, माणूस अडत नाही. गडग्यावर कोपर टेकूनच सगळ्या गावाच्या बातम्या होतात. पुरुषभर भिंत घालायची तर कारण गुरांपलीकडचं पाहिजे. बायकांना कोंडायला, असं कुणी म्हणेल. खरं काय?

पाणीवाला

परसदारताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला बाहेरून द्यावं लागेल, कारण भिंतीच्या आत मला फारसं कुणी बोलावलं नाही, आणि तेच उत्तर आहे. बाहेर बाई डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. त्या भिंतीच्या आत ती डोक्यावरचं काढून, केस मोकळे सोडून अंगणात वावरते. स्वयंपाकघर बहुतेकदा अंगणात वेगळं. सकाळी भिंतीपलीकडून लहोह तव्यावर पडल्याचा वास (तुमच्या आंबोळीची सख्खी बहीण), संध्याकाळी ‘उन्सी’चा, म्हणजे निखाऱ्यावर टाकलेल्या सुगंधी धुपाचा. भिंत नसती तर तिचं अंगण गेलं असतं, खोलीच उरली असती. माझ्या घरमालकिणीनेच हे ऐकवलं होतं, फाटकाआडून, पाण्याच्या बिलावरून भांडता भांडता : तुमच्या फ्लॅटमधल्या बायका ऊन कुठे खातात? मला उत्तर आलं नाही.

आत शिरायची रीतही आहे. फाटकाशी थांबून ‘होदी, होदी’ अशी हाक द्यायची, आतून जाब येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. परवानगीशिवाय परक्या घरात शिरू नये असं कुराणातच आहे, 24व्या सूरेत. मोठं फाटक पत्र्याचं, निळं-हिरवं-लाल रंगवलेलं, बहुधा त्यात एक लहान दार. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वर आलाच आहे : दिंडी दरवाजा. ताई, तो वापराच.

चोरांबद्दल. भीती नाही असं नाही, काही भिंतींवर काचा रोवलेल्या असतात. पण मग त्याच गावात सराफ्याचा बाजार बघा. परकीय चलन बदलून देणारे लोक रस्त्याच्या कडेला विटा रचाव्यात तशा नोटांच्या थप्प्या मांडून बसतात, ना काच ना बंदूक. पैसा उघड्यावर आणि शेळ्या भिंतीआड! त्यामुळे निव्वळ चोर हे कारण मला कधी पटलं नाही.

मोठं कारण जमिनीचं, आणि ते 1988 कडे जातं. सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या राजवटीने त्या वर्षी हर्गेसावर बॉम्ब टाकले, तेही शहराच्याच विमानतळावरून उडालेल्या विमानांतून. त्यातलं एक मिग आज भर चौकात स्मारक म्हणून उभं आहे. लोक इथिओपियात पळाले. जानेवारी 1991 मध्ये बर्रे पडला, मे महिन्यात सोमालीलँडने स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, माणसं परतू लागली. घरांची छपरं, दारं, खिडक्या लुटून नेलेल्या, उभ्या होत्या त्या भिंती. कागद कुठले आणि ते दाखवायचे कुणाला? अशा ठिकाणी आपल्या जागेभोवती दगड रचणं हाच सातबारा. पुढे लंडनचा मुलगा, मिनियापोलिसची बहीण पैसे पाठवू लागली, तेव्हाही आधी जागा, मग भिंत आणि फाटक. घर सवडीने. शहराच्या कडेला अशा कितीतरी भिंती दिसतात ज्यांच्या आत काहीच नाही, धूळ आणि एखादं खुरटं झाड. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती कब्रस्तानं वाटली होती.

जाता जाता ते झाड. पुष्कळदा आपलीच वेडी बाभूळ. बाहेरून आणून लावली आणि माजली, आपल्यासारखीच. सोमालीत तिला ‘गरनवा’ म्हणतात, अर्थ ‘ओळखू न येणारी’. आपण वेडी ठरवली, त्यांनी अनोळखी.

मेंढरामागं

सातबाऱ्याचं पटलं. आमची तीच गोची. वाड्याला सातबारा नाही. चुलत्याने शेवटी तीन गुंठे घेतले, तर घर बांधायच्या आधी काटेरी तार मारली. गावातली माणसं हसली. म्हणाली, काय चोरीला जाणार हाय, माती?

खडूफळा

सोमालीत जनावरांच्या वाड्याला वेगळा शब्द आहे का?

पाणीवाला

आहे, ‘हेरो’. लिहिताना एक्सने सुरू होतो. 1972 मध्ये सोमालीसाठी रोमन लिपी ठरवली तेव्हा घशातल्या ‘ह’ला ते अक्षर दिलं. उंटांचा हेरो म्हणजे उंटांचा वाडा. सैन्याच्या तळालाही हेरो म्हणतात आणि निर्वासितांच्या छावणीलाही. केनियातलं दादाब 1991 पासूनचं, त्यालाही हेरोच. गुरं कोंडायचा शब्द माणसांना लागला. पण त्या छावणीतही कुटुंबांनी आपापल्या झोपड्यांभोवती काट्या आणून ओद घातलीच. म्हणजे हेरोच्या आत पुन्हा ओद.

रिकामी ओळ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते असं. ‘वॉल्ड कंपाऊंड’ला एकच शब्द नको. शहरात ‘भिंतीआतलं घर’, कुठे ‘वॉल कंपाऊंड’, फाटकातलं छोटं दार ते ‘दिंडी’. मुक्कामाच्या प्रकरणात ‘वई’, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘ओद’ तसाच ठेवून ओघात उलगडते. ‘वाडा’ मोहात पाडतोय, पण वाचक शनिवारात जाऊन पोचेल, म्हणून फक्त एका जागी, जिथे सगळा परिवार एकदम उठून चालू लागतो तिथे : “पहाटे वाडा हलला.” मेंढरामागं दादा, हे वाक्य तुमचं.

एक अडचण उरली. फाटकाशी ‘होदी’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी काय घालू? सध्या “आहे का घरात कुणी?” असं केलंय. आमचे आजोबा नुसते खाकरायचे, पण ते स्वतःच्याच घरात शिरताना.

मेंढरामागं

आमचा म्हातारा परक्या वाड्यावर गेला की लांबूनच कुत्र्याला हाक द्यायचा. कुत्रं भुंकलं की माणसं उठायची. सोमाली लोक कुत्री पाळतात का?

पाणीवाला

घरात नाही पाळत.

मेंढरामागं

मग भिंत उंच लागणारच की.