टीएनएफ टाकला की प्रोजेस्टेरॉन कधी घसरतं, कधी नाही, असं का?

पेट्रीडिश_वाली: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय. आयव्हीएफ सेंटरमधून फॉलिक्युलर फ्लुइड (बीजाभोवतीच्या पिशवीतलं, म्हणजे फॉलिकलमधलं पाणी) मिळतं, त्यातून ग्रॅन्युलोसा पेशी (फॉलिकलमधल्या, हार्मोन बनवणाऱ्या) काढून कल्चर करते आणि वरून टीएनएफ-अल्फा (सूज आणणारं प्रथिन) टाकते. एका बॅचला प्रोजेस्टेरॉन छान खाली आलं, पुढच्या बॅचला काहीच नाही, आणि इस्ट्राडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) तर दोन्हीकडे जवळपास शून्य! पेपर वाचावेत तर तेही एकमेकांशी भांडतात. माझं नक्की चुकतंय कुठे?

जुना_लॅबकर: आधी हे सांग, मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) अँड्रोस्टेनेडायोन हे अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, टाकतेस का? माणसाच्या ग्रॅन्युलोसा पेशीला अँड्रोजेन स्वतः बनवता येत नाही, ते काम शेजारच्या थीका पेशींचं, ग्रॅन्युलोसा फक्त अरोमाटेज हे एन्झाइम वापरून त्याचं इस्ट्रोजेन करते. कच्चा मालच नसेल तर टीएनएफला उगाच दोष देऊ नकोस. दुसरं म्हणजे तुझ्या पेशी कोवळ्या नाहीतच, पेशंटला ३४-३६ तास आधी एचसीजीचं (बीज पक्व करणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन दिलेलं असतं, त्यामुळे त्या कॉर्पस ल्युटियमच्या (बीज सुटल्यावर फॉलिकलचं जे होतं त्याच्या) वाटेला लागलेल्या असतात. एफएसएचने (फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनने) वाढलेलं अरोमाटेज टीएनएफ दाबतो हे वाचलं असशील, पण ते बरंचसं उंदराच्या कोवळ्या पेशींवरचं काम आहे, ते तुझ्या डिशमध्ये जसंच्या तसं दिसेलच असं नाही.

मॅक्रोफेज_मामा: आणि पांढऱ्या पेशी काढल्यास का?? त्या फ्लुइडमध्ये भरपूर असतात, त्यांतल्या मॅक्रोफेज तर स्वतःच टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ (सूज आणणारं आणखी एक प्रथिन) सोडत बसतात, म्हणजे तुझा 'कंट्रोल' मुळात कंट्रोलच नाही. सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) पकडणाऱ्या बारीक मण्यांनी त्या वेगळ्या कर. शिवाय टीएनएफने पेशी मेल्या तरी हार्मोन कमीच दिसणार, म्हणून हार्मोनच्या आकड्याला डीएनएच्या प्रमाणाने (म्हणजे पेशी किती आहेत त्याने) भागून बघ.

सहज_आले: मला पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) आहे, डॉक्टर म्हणाले शरीरात थोडी सूज असते. मग सूज कमी करायच्या गोळ्या घेतल्या तर हार्मोन सुधरतील का?

मॅक्रोफेज_मामा: नको ताई, मनाने घेऊ नका. बीज सुटणं हीसुद्धा एका अर्थी सूजच असते, इंडोमेथासिनसारख्या गोळीने फॉलिकल फुटणं लांबू शकतं. डिशमधल्या निकालावरून औषध ठरत नाही, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पेट्रीडिश_वाली: अँड्रोस्टेनेडायोन टाकलंच नव्हतं 🤦 आणि मणी फक्त पहिल्या बॅचला वापरले होते, दुसऱ्या वेळी संपले म्हणून तशाच पेशी लावल्या. सरांना कसं सांगू आता

जुना_लॅबकर: मण्यांच्या ऑर्डरवर सही घ्यायला जाशील ना, तेव्हाच सांगून टाक.