झावळ्यांचा रविवार: शिंदीच्या पात्याचा क्रूस आणि पुढच्या वर्षीची राख

वैजापूरकर
सर्वांना सलाम. यंदा झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार, येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी केलेल्या स्वागताची आठवण) आमच्या मंडळीत प्रत्येकाच्या हाती पात्याचा क्रूस द्यायचं ठरलंय, साधारण 150 लागतील. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर त्या स्वागताला नुसत्या झाडांच्या डहाळ्या आहेत, मग झावळीच का? अशोकाची पानं चालतील का? शिंदीचं पातं दुमडताना मधेच चिरतं, त्याला उपाय काय? आणि हेच क्रूस जाळून पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळावर राखेचा क्रूस काढतात) राख करतो, ती पांढुरकी निघते, कपाळावर टिकत नाही, पाणी घातलं की काहींना चुरचुरते. कुठं चुकतंय?

गोदाकाठ
चार शुभवर्तमानांत झावळीचं नाव घेतो तो फक्त योहान (12:13). मत्तय आणि मार्क डहाळ्या म्हणतात, लूक तर फक्त वस्त्रं अंथरल्याचं सांगतो. पण योहानाने नाव घेतलंय ते उगाच नाही. यहुद्यांच्या मंडपांच्या सणाला खजुरीच्या झावळ्या घेऊन आनंद करायची आज्ञा लेवीय 23:40 मध्ये आहे. पहिले मक्काबी या जुन्या यहुदी ग्रंथात (13:51) यहुदी पुढारी शिमोनाने यरुशलेमचा किल्ला परक्यांकडून सोडवला तेव्हा लोक झावळ्या घेऊनच आत शिरले. म्हणजे यहुदी माणसाच्या हातातली झावळी ही सुटकेची खूण होती. पुढे रोमने यरुशलेम पाडल्यावर विजयाची नाणी काढली, त्यांवरही खजुरीच्या झाडाखाली रडणाऱ्या बाईच्या रूपात यहुद्यांचा देश, यहुदिया, दाखवला आहे.

हे डोळ्यांपुढे ठेवलं की येशूच्या स्वागताला लोक ओरडले त्या 'होसान्ना'चा अर्थ उलगडतो. तो मुळात जयजयकार नव्हे, स्तोत्र 118:25 मधली 'आता तार' ही विनवणी आहे. लोक झावळ्या हलवून राजा मागत होते, आणि राजा आला तो जखऱ्या संदेष्ट्याने सांगितल्याप्रमाणे गाढवावर. त्या झावळीचाच क्रूस वळून हातात देणं यात सगळा पवित्र आठवडा (या रविवारपासून ईस्टरपर्यंतचा, येशूच्या दुःखसहनाचा) येतो. प्रकटीकरण 7:9 मध्ये कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, उभ्या समुदायाच्या हाती झावळ्या आहेत. रक्तसाक्ष्यांच्या (श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांच्या) चित्रांत झावळी दिसते तीही याच विजयाची.

अशोकाची पानं निषिद्ध नाहीत. झावळी मिळत नाही तिथं ऑलिव्ह किंवा विलोच्या फांद्या चालतात. पण आपल्या ओढ्याकाठची शिंदी ही खजुरीच्याच कुळातली, अगदी जवळची. ती मिळत असताना अशोक कशाला?

फडा-चटई
पातं चिरतं ते वाळल्यामुळं. हा रविवार 15 मार्च ते 18 एप्रिलच्या दरम्यान येतो, आपल्याकडं ऊन तापलेलं असतं. सकाळी तोडलेली झावळी उघड्यावर ठेवली तर संध्याकाळी कडक. शनिवारी भल्या पहाटे तोडा, ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा, त्याच दिवशी वळा. दोन-तीन दिवस आधी तोडून ओली दाबून ठेवली तर बुरशी धरते.

तोडताना मधला कोवळा कोंब चुकूनही कापू नका. शिंदीला वाढीचा शेंडा एकच असतो, तो गेला की झाड मेलं. बाजूच्या हिरव्या झावळ्या घ्या, एका झाडाच्या दोनच. बुडाशी पात्यांचेच काटे झालेले असतात, ते आधी कोयत्यानं उडवा. प्रत्येक पात्याचं टोकही सुईसारखं असतं, बोटभर छाटून टाका. लहान लेकरांच्या हातात जाणार आहे.

एका झावळीतली मधली लांब पाती, 30 सेंमीच्या वरची, 40 तरी कामाची निघतात. 150 क्रुसांना पाच झावळ्या धरा. पातं मधल्या घडीवर उभं चिरलं की दोन पट्ट्या. एक 24 सेंमीची कापून मधे दुमडा, हा उभा दांडा. दुसरी 16 सेंमीची, तीही दुमडा, हा आडवा. आडवा दांडा उभ्याच्या दोन पदरांमधून सारून वरच्या घडीपासून 4 सेंमीवर आणा. मग वेगळ्या पात्याची दोन मिमीची दोरी काढून जोडावर तिरके दोन वेढे एका बाजूनं, दोन दुसऱ्या बाजूनं, गाठ मागं. गाठ करकचून ओढा, कारण पातं वाळून आकसतं आणि सैल बांधलेला आडवा दांडा आठवडाभरात कलंडतो. घडी नखानं दाबत हळू घाला, एकदम मोडू नका. स्टेपलरची पिन आणि चिकटपट्टी लावू नका, पुढच्या वर्षी हेच जाळायचंय.

छावणी चर्च
राख पांढरी होते कारण ती पूर्ण जळते. उघड्या हवेत कोळसा उरत नाही, मागं राहतात ते क्षार. पूर्वी राखेनं कपडे धुवायचे ते याच गुणामुळं. त्यात पाणी घालून लगदा केला की सोड्यासारखं कातडीला लागतं. चुरचुरण्याचं कारण तेच.

क्रूस दोन दिवस उन्हात कडक करा, लोखंडी कढईत पेटवा. रॉकेल-पेट्रोल अजिबात नको, वास राहतो. ज्वाला बसली आणि पाती काळी पडली की लगेच झाकण ठेवा, हवा तुटते आणि काळा कोळसा शिल्लक राहतो. पूर्ण गार झाल्यावरच झाकण काढा, नाहीतर पुन्हा धुमसतं. खलबत्त्यात कुटून मलमलीतून दोनदा चाळा. कपाळावरच्या क्रुसाच्या रेघेला लागतो तो बारीक काळा भुगाच. जाडसर कण राहिले तर कपाळावर ओरखडतात.

150 जणांना दोन-तीन चमचे पुष्कळ होतात. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाचे दोन-चार थेंबच घाला. बोटाला चिकटेल पण ओघळणार नाही इतपत. पवित्र पाणी शिंपडायची रीत असेल तर कोरड्या राखेवर नुसते थेंब शिंपडा, कालवू नका. माथ्यावर कोरडी चिमूट टाकायचीही जुनी रीत आहे, 2021 मध्ये कोरोनाच्या साथीमुळं व्हॅटिकनने (रोममधल्या कॅथलिक मुख्यालयाने) तीच सांगितली होती.

वैजापूरकर
खूप आभार. कोळशाचं लक्षातच आलं नव्हतं. क्रूस परत आणायला सांगितलं तरी निम्मे येत नाहीत. घरी ठेवलेल्यांचं काय करायचं?

गोदाकाठ
वर्षभर घरातल्या क्रुसाच्या किंवा चित्राच्या मागं खोवतात, तसं राहू द्या. मात्र त्याचा ताईत करू नका. तो आठवणीसाठी आहे, दृष्ट काढायला नाही. आणायचा राहिला तर घरीच जाळून राख झाडाच्या मुळाशी घाला, किंवा पुरा. कचऱ्यात नको, गोदावरीतही नको. आणि राखेच्या बुधवारच्या आधीच्या दोन रविवारी दाराशी एक टोपली ठेवून प्रार्थनेनंतर आठवण करा, बरेच परत येतात.