बाल्डर्स गेट पहिल्यापासून खेळतोय: सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर मधल्या टप्प्यात खेळावं की थेट दुसऱ्या भागावर जावं?

पायवाट
नमस्कार मंडळी. बाल्डर्स गेट या संगणकावरच्या रोल-प्लेइंग खेळाचा २०२३ चा तिसरा भाग संपवला आणि त्यातल्या जाहिरा-मिन्स्क या पात्रांनी मला मागे ओढलं. दोघांच्या बोलण्यात जुन्या दिवसांचे इतके उल्लेख येतात की आपण काहीतरी मोठं हुकवलंय असं सारखं वाटत राहतं. म्हणून १९९८ चा मूळ खेळ घेतला, म्हणजे त्याची २०१२ ची एन्हान्स्ड एडिशन, सुधारित आवृत्ती. मुख्य पात्र विझार्ड.

विचारायचं ते असं. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधली कथा सांगणारं सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर २०१६ मध्ये आलं, मूळ खेळानंतर सतरा-अठरा वर्षांनी. त्याबद्दल वाचावं तर अर्धे लोक डोक्यावर घेतात, अर्धे हात लावू नका म्हणतात. ते मध्ये खेळावं का? की सरळ दुसरा भाग, शॅडोज ऑफ अ‍ॅम्न, सुरू करावा?

आणि एक तातडीचं. फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवरचा जादूगार मला आत जाऊच देत नाहीये. काय करू? कृपया कथा फोडू नका.

निळी_शाई
आधी तातडीचं. तो टार्नेश. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे चार-सहा हिट पॉइंट (जिवाचे गुण) असतात, त्यामुळे त्याच्यासमोर एकटं उभं राहायचंच नाही. सेटिंगमध्ये शत्रू दिसताच खेळ आपोआप थांबेल अशी सोय चालू करा. तो आधी स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो आणि मग भीतीचा मंत्र टाकतो. हा दुसरा मंत्र लागला की तुमची माणसं सैरावैरा पळतात आणि तिथेच सगळं हातचं जातं. या खेळात मंत्र म्हणताना इजा झाली की तो मोडतो. म्हणून सोबतच्या इमोएनला धनुष्य द्या, वाटेत भेटलेले दोघे, झार आणि मोंटारॉन, सोबत घ्या आणि सगळ्यांनी पहिल्या क्षणापासून लांबूनच मारा करा. तुमचा मॅजिक मिसाइल हा मंत्र टार्नेश त्याचा मंत्र सुरू करेल तेव्हासाठी राखून ठेवा. खालिद आणि जाहिरा आतच तुमची वाट बघतायत. ते मिळाले की पुढे ढाल धरायला माणसं झाली.

तिसऱ्या भागातून आलात म्हणून सांगते, हे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत. आर्मर क्लास (बचावाचा आकडा) जितका खाली तितका चांगला, थॅको (वार बसण्याचा आकडा) ही तसाच. थॅको २० आणि समोरच्याचा आर्मर क्लास ५ असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा वर पडायला हवं. एवढं डोक्यात बसलं की दुकानातली कुठली वस्तू घ्यायची ते आपोआप कळतं.

जुना_तंबू
वरच्या सल्ल्याला अनुमोदन. मूळ प्रश्नावर: खेळा. नक्की खेळा.

मी मूळ खेळ त्याच्या काळात खेळलोय. पहिला भाग संपून दुसरा सुरू होताना मधलं एक पान फाटल्यासारखं वाटायचं. पहिल्या भागातला खलनायक सारेवोक याचा निकाल लागतो, शहर तुम्हाला डोक्यावर घेतं, आणि दुसरा भाग उघडतो तो थेट पिंजऱ्यात. मध्ये काय झालं ते दोन ओळींत उरकलेलं. ती जागा भरायला मूळ खेळ बनवणाऱ्या बायोवेअरमधूनच बाहेर पडलेल्या ट्रेंट ऑस्टर आणि कॅमेरॉन टोफर यांच्या बीमडॉग या कंपनीनं हे एक्स्पान्शन (जोड-भाग) केलं, तेही त्याच जुन्या इन्फिनिटी इंजिनवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. पार्श्वभूमीची चित्रं तशीच हातानं रंगवल्यासारखी, वरून दिसणारी. त्यामुळे डोळ्यांना सांधा जाणवत नाही, ही मला त्याची सर्वांत मोठी कमाई वाटते.

सांधा जाणवतो तो रचनेत. पहिल्या भागात तुम्ही मोकळे असता, कुठल्याही रानात शिरा, चार अस्वलं मारा, परत या. इथे तुम्ही सैन्याबरोबर कूच करताय. बाल्डर्स गेट, वॉटरडीप आणि डॅगरफोर्ड या शहरांची एकत्र फौज केलार आर्जेंट नावाच्या स्त्रीच्या मोहिमेला अडवायला उत्तरेकडे निघालेली असते. तळ पुढे हलला की मागचा प्रदेश बंद, म्हणून प्रत्येक मुक्कामावर सगळी कामं उरकून मगच सेनापतीला होकार द्या. बोअरस्किर पुलाचा टप्पा घाईनं ओलांडू नका. तिथे एका देवाचा वध झाला होता, आणि लेखकांनी त्या जागेचा फार चांगला उपयोग केलाय.

केलार हे पात्र मला सारेवोकपेक्षाही जवळचं वाटतं. ती दुष्ट नाही. ड्रॅगनस्पिअरच्या युद्धांत नरकात ओढल्या गेलेल्या आत्म्यांना सोडवायचं म्हणते, आणि तिच्या झेंड्याखाली साधे शेतकरी आहेत. त्यांच्यावर शस्त्र उचलताना थांबावं लागतं. बऱ्याच ठिकाणी बोलून मार्ग निघतो, तो आधी शोधा.

घुबड
माझं मत थोडं वेगळं आहे. चांगलं आहे, पण दुसऱ्या भागाच्या सुरुवातीचा तोल त्यानं बिघडतो. पहिल्या भागात एक्सपीची (अनुभवाच्या गुणांची) मर्यादा १,६१,००० आहे. दुसरा भाग नव्या पात्रानं सुरू केला तर ८९,००० वर होतो. ड्रॅगनस्पिअरची मर्यादा ५,००,०००. सगळी कामं करून तिथून आलात तर दुसऱ्या भागाचे पहिले काही तास फार सोपे जातात, आणि त्या अंधारकोठडीतली धडधड हीच तर त्याची मजा. पहिल्यांदाच खेळताय, तर दुसरा भाग जसा बनवला होता तसा अनुभवा. ड्रॅगनस्पिअर नंतर कधी मागे वळून खेळा.

जुना_तंबू
घुबड, आकडे बरोबर आहेत. पण पायवाट यांना ओढलंय ते माणसांनी, आव्हानानं नाही. मागे वळून खेळलं तर शेवट आधीच ठाऊक असेल, आणि मधल्या कथेतला सगळा ताण तिथेच संपतो. सोपं वाटलं तर काठिण्यपातळी एक पायरी वर नेता येते. हुकलेली उत्सुकता परत आणता येत नाही.

पायवाट
टार्नेश पडला! निळी_शाई, मनापासून आभार. दुसऱ्या मंत्राला त्याचं तोंड उघडलं आणि माझा मॅजिक मिसाइल बसला. जाहिरा आली पार्टीत, म्हणजे माझ्या गटात, आणि पहिल्याच संवादात तीच ती, तसाच करडा सूर. फार आनंद झाला.

ड्रॅगनस्पिअर मध्येच खेळायचं ठरवलं. सोबत कोणाला न्यायचं?

निळी_शाई
कुलपं आणि सापळ्यांसाठी इमोएनवर विसंबू नका. ती सुरुवातीच्या तळघरापर्यंतच सोबत असते. पुढे ग्लिंट घ्या, तो पुजारीही आहे आणि चोरही, एका जागेत दोन कामं. कॉर्विन ही धनुर्धर नवी आहे आणि तिची स्वतःची गोष्ट मन लावून लिहिलीय. म'खीन ही गॉब्लिन शामनही सोडू नका, तिला तळावर मिळणारी वागणूक बघण्यासारखी आहे.

आणि पहिल्या भागात ज्यांच्यावर जीव जडलाय, त्यांना शक्य तितकं सोबत ठेवा. विशेषतः खालिद आणि डायनाहेर. कारण विचारू नका.

रानवारा
ते टोकाचे अभिप्राय कशामुळे, हे कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. खेळ आला तेव्हा तांत्रिक चुका होत्या, त्या नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये बऱ्याच सुधारल्या. दुसरं म्हणजे तळावरच्या एका ट्रान्स पुजारिणीच्या दोन-चार वाक्यांवरून वादळ उठलं आणि न खेळताही लोकांनी अगदी कमी गुण दिले. त्यावरून खेळ जोखणं अन्यायाचं आहे. निदान एक तळ तरी स्वतः खेळून मत बनवा.

मॉडबद्दल (खेळात बदल करणाऱ्या जोडण्या): पहिल्यांदा खेळताना काही टाकू नका. पुढे कधी टाकलेच तर नवा खेळ सुरू करण्याआधी टाका, अर्ध्यात टाकले की सेव्ह बिघडतात. स्टीम आणि गॉग या ऑनलाइन दुकानांवर हे एक्स्पान्शन एका झिपमध्ये बंद असतं, मॉड टाकायचे तर ते मॉडमर्ज या साधनानं आधी उलगडावं लागतं.

घुबड
ठरलंच आहे तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सारेवोकशी शेवटची लढाई झाली की ड्रॅगनस्पिअर लगेच सुरू होतं, मागे फिरता येत नाही. म्हणून पहिल्या भागातला डरलॅग्ज टॉवर आणि बेटाची सफर आधी उरका. टॉवरमध्ये पावलोपावली सापळे आहेत, चोराला सर्वांच्या पुढे चालवा आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा सेव्ह ठेवा.

दुसरं, आत्ता तुम्ही फ्रेंडली आर्म इनमध्येच आहात तर वरच्या मजल्यावर जा. एक उमराव तुम्हाला नोकर समजून सोनेरी विजार धुवायला देईल. ती विकू नका. पुढच्या भागांमध्ये तिच्या जोडीच्या आणखी दोन सापडतात आणि तिन्हींचं मिळून एक जबरदस्त चिलखत बनतं.