लाइट जाते म्हणून दुकानातल्या पीसीवरच्या उबुंटूचे (लिनक्सचा एक प्रकार) आपोआप अपडेट बंद करावेत का?

गंगापूररोडकर
करावेत. (कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी टाइप करायच्या खिडकीत, टाइप इंग्रजीतच करायच्या.) उबुंटूच्या अपग्रेडचा टायमर सकाळी ६ चा, त्यानंतर तासाभरापर्यंत कधीही सुरू होतो. मेनरोडवर सहाला कुठलं दुकान उघडं असतं? हुकलेली वेळ टायमर विसरत नाही. दहाला पीसी लावला की तासाभरात काम काढतो, नेमकं बिलिंगच्या गर्दीत. पावसाळ्यात तेवढ्यात लाइट गेली की पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) अर्धवट. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दुकान बंद करताना हाताने 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी अपग्रेड'.

पंचवटीचा पेंग्विन
साफ असहमत. "हाताने करतो" म्हणणाऱ्यांचा तो दिवस कधी उजाडत नाही, आणि त्याच पीसीवरून बँकेचे व्यवहार चालतात. अनअटेंडेड-अपग्रेड्स (हे आपोआप अपडेट करणारं साधन) मुळात सुरक्षेचीच अपडेट घेतं, दिसेल ते नवं ओढत नाही. तेही लहान लहान तुकड्यांत. अर्धवट राहिलंच तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. लॉक फाइल (एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून असलेली फाइल) मात्र कुणी उडवू नका. "लॉक मिळत नाही" याचा अर्थ बहुतेकदा मागे अपडेट चालू आहे एवढाच. फाइल उडवून दुसरं चालू केलं की पॅकेजांच्या डेटाबेसचं वाटोळं.

गंगापूररोडकर
टर्मिनल उघडलं तर ना! कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) अपडेट चालू असताना, इनिट्रामएफएस (बूट होताना कर्नलला लागणारी फाइल) तयार होत असताना लाइट गेली तर पीसी बूटच होणार नाही. गल्ल्यावरच्या पोराने काय करायचं?

पंचवटीचा पेंग्विन
चालू करताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब मेन्यू (कुठल्या कर्नलने बूट करायचं ते निवडायची यादी) आणायचा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचा कर्नल निवडायचा. तो शाबूत असतो, नको असलेली पॅकेजं काढणारं ऑटोरिमूव्हसुद्धा त्याला हात लावत नाही. आत गेल्यावर मी वर दिलेल्या दोन कमांडी ('डीपीकेजी' आणि 'फिक्स-ब्रोकन'वाली), शेवटी 'सुडो अपडेट-इनिट्रामएफएस -यू -के ऑल'. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, पोराला जमेल.

सातपूर वर्कशॉप
भांडण वेळेचं आहे, तर वेळच बदला की राव. 'सुडो सिस्टिमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर' चालवा आणि लिहा:

[टायमर]
ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=१४:००
रँडमाइज्डडिलेसेक=०
पर्सिस्टंट=फॉल्स

पहिलं 'ऑनकॅलेंडर=' रिकामंच हवं. ते गाळलं तर सहाची वेळही राहते आणि दोनचीही. दुसरी चूक अशी, की लोक फाइलच्या तळाशी लिहितात. "याखालचं टाकून दिलं जाईल" अशा अर्थाची जी ओळ दिसते तिच्या वर लिहायचं, नाहीतर बदल गायब. रँडमाइज्डडिलेसेक शून्य म्हणजे तो तासाभराचा उशीर बंद. पर्सिस्टंट (हुकलेली वेळ लक्षात ठेवणं) बंद केल्यामुळे सुट्टीनंतरच्या सकाळी हुकलेलं अपडेट मानगुटीवर बसत नाही. शेवटी 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स'मध्ये पुढची वेळ तपासा.

गंगापूररोडकर
दुपारी दोनला, जेवणाच्या वेळी, हरकत नाही. पण लाइट दोनलाही जाते. यूपीएस (लाइट गेल्यावर पीसी चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) नसेल तर माझा विरोध कायम.

सातपूर वर्कशॉप
यूपीएस हवाच, त्यात वाद नाही. फक्त त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. गरम होताना तो इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस ओव्हरलोड होऊन पीसीसकट सगळंच बंद. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर आज दुपारीच, सगळ्या फाइली सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून पीसी किती वेळ चालू राहतो ते बघा.